किनारा दूर, पुस्तक जवळ

मार्चअखेरची लेखाबंदी आटोपते, ताळेबंद जुळतात, मुलांच्या परीक्षा संपतात आणि बँकेच्या काउंटरवरील संभाषणाचा सूर हळूहळू बदलू लागतो. व्याजदर आणि मुदतपूर्तीच्या चौकशीबरोबरच "यंदा कुठे जाणार?" हा प्रश्न ग्राहक कर्मचाऱ्यांना आणि कर्मचारी ग्राहकांना विचारू लागतात. कोणी मुलीकडे पुण्याला निघालेले असते, कोणी रजा प्रवास सवलतीचा हिशेब मांडत असते, तर कोणी कोकणातील मूळ गावी कुलदैवताचे दर्शन घेऊन यावे, असे मनाशी ठरवत असते. प्रवासाचे सामान बांधताना कपडे, औषधे, खाऊ आणि पाण्याच्या बाटल्या यांची यादी होते. या यादीत एखाद्या कादंबरीचे नाव असावे, एवढीच या लेखाची विनंती आहे. आणि ती कोणती असावी, याविषयी काही सूचना.

सुट्टीत, विशेषतः समुद्रकाठी, वाचावयाची कादंबरी हलकीफुलकी असावी, डोक्याला ताण देणारी नसावी, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु मराठी कादंबरीने पाण्याच्या काठाकडे केवळ विश्रांतीचे ठिकाण म्हणून क्वचितच पाहिले. तेथे राहणारी, राबणारी, बुडणारी आणि तरणारी माणसे तिला अधिक दिसली. म्हणूनच किनाऱ्यावर बसून ती वाचताना समोरचा देखावा पालटतो. नारळीच्या बनामागे घर असते, घरात कर्ज असते, भाऊबंदकी असते आणि एखाद्या स्त्रीचे न बोललेले दुःख असते, याची जाणीव होते. आणि ज्यांना किनाऱ्यावर जाता येत नाही, त्यांच्यासाठी हीच कादंबरी किनारा घरी आणून देते.

आमच्या महाराजपूरचेच पाहा. जबलपूर शहराच्या एका कडेला, अधारताल आणि कृषी विश्वविद्यालयाच्या बाजूला वसलेली ही वस्ती. येथून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळपास हजार किलोमीटरवर. मे महिन्यात दुपारी लू वाहू लागली की रस्ते ओस पडतात आणि कूलरच्या आवाजात घरोघरी दुपार काढली जाते. अशा ठिकाणी 'समुद्रकिनारी वाचण्याच्या कादंबऱ्या' हा विषय काढणे म्हणजे थट्टाच, असे कोणास वाटेल. परंतु याच शहराला पुस्तक आणि प्रवास यांच्या इतिहासात एक मानाचे स्थान आहे, ही गोष्ट थोड्यांना ठाऊक असते.

रूळांवरून आलेले वाचन

सुट्टीतील वाचनाची आधुनिक सवय रेल्वेने लावली. १८४८ साली लंडनच्या यूस्टन स्थानकावर डब्ल्यू. एच. स्मिथ यांचे पुस्तकांचे दुकान उघडले आणि प्रवासात वाचण्याजोग्या स्वस्त कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. आपल्याकडे फलाटावरील 'व्हीलर'चे दुकान कोणाला माहीत नाही? त्या ए. एच. व्हीलर कंपनीची स्थापना १८७७ साली अलाहाबादेत झाली. त्याच्या दहा वर्षे आधीच, १८६७ मध्ये, अलाहाबाद-जबलपूर हा लोहमार्ग सुरू झाला होता. १८७० मध्ये मुंबईकडून आलेली 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' आणि कलकत्त्याकडून आलेली 'ईस्ट इंडियन' या दोन रेल्वे जबलपूर येथे जोडल्या गेल्या, आणि हिंदुस्थानच्या पश्चिम व पूर्व किनाऱ्यांवरील दोन महानगरे रूळांनी एक झाली.

या घटनेचे पडसाद थेट फ्रान्समध्ये उमटले. ज्यूल व्हर्न यांची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही कादंबरी १८७३ साली पुस्तकरूपाने आली. मुंबईहून कलकत्त्याला आगगाडीने जाता येते, या नव्या वस्तुस्थितीवर तिच्या नायकाचे सारे वेळापत्रक बेतलेले आहे. गंमत अशी की, कथेत रंगत यावी म्हणून व्हर्न यांनी मधलाच काही मार्ग अपुरा ठेवला आणि नायकाला हत्तीच्या पाठीवरून अलाहाबाद गाठावयास लावले. प्रत्यक्षात तोवर रूळ पूर्ण झालेले होते! जबलपूरहून इटारसी, खंडवा, भुसावळमार्गे मुंबईला निघालेल्या कुटुंबात दहा-बारा वर्षांचे मूल असेल, तर ही कादंबरी त्याच्या हाती अवश्य द्यावी. खिडकीबाहेरचा मार्ग आणि पुस्तकातील मार्ग एकाच इतिहासाचे आहेत, हे कळल्यावर प्रवास लांबट वाटत नाही.

आपला किनारा : नर्मदा

जबलपूरकरांना समुद्र नाही, नर्मदा आहे. महाराजपूरहून शहर ओलांडून ग्वारीघाटावर जावे. सकाळी सहाच्या सुमारास उन्हाची धार चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी आरतीपूर्वी घाटाच्या पायरीवर बसावे. नावा पैलतीरीच्या गुरुद्वाराकडे जात-येत असतात, दिव्यांचे द्रोण विकणाऱ्या बायका असतात, आणि 'नर्मदे हर' असे म्हणत एखादा परिक्रमावासी झोळी सावरीत पुढे जातो. तिलवाराघाट आणि भेडाघाट येथेही असाच काठ मिळतो. मात्र भेडाघाटी धुवांधारचा आवाज पुस्तकात लक्ष लागू देत नाही, हे आधीच सांगावयास हवे.

या काठावर वाचावयाची पहिली कादंबरी निर्विवादपणे गो. नी. दांडेकर यांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा विषयच नर्मदा परिक्रमा हा आहे. गोनीदा तेराव्या वर्षी घर सोडून स्वातंत्र्यचळवळीत गेले, पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले आणि त्यांनी स्वतः नर्मदेची परिक्रमा केली. त्यामुळे या कथेतील वाटा, घाट, अन्नछत्रे, जंगले आणि माणसे ही पायांनी पाहिलेली आहेत. परिक्रमेचा नियम असा की, नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची आणि ती कोठेही ओलांडावयाची नाही. १,३१२ किलोमीटर लांबीच्या नदीचे दोन्ही काठ असे चालावयाचे. कादंबरीचा नायक मोक्षाच्या शोधात निघालेला आहे. परंतु वाटेत त्याला भेटतात ती मायेची, भुकेची आणि दुःखाची माणसे. ज्यापासून दूर जावयाचे, तेच पुन्हा पुन्हा समोर येते. हा ताण शेवटच्या पानापर्यंत टिकतो.

दुसरी कादंबरी ना. सं. इनामदार यांची 'राऊ'. थोरले बाजीराव आणि मस्तानी यांची ही कथा १९७२ साली आली. २०१५ च्या हिंदी चित्रपटामुळे ती नव्या पिढीला नावाने तरी परिचित झाली आहे. बाजीरावांचा अंत २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे नर्मदेच्या काठी झाला. ऐन उन्हाळ्यात, याच नदीच्या तीरावर बसून त्या अखेरच्या दिवसांचे वर्णन वाचणे हा एक वेगळाच अनुभव ठरतो. पुण्याच्या वाचकाला रावेरखेडी हे इतिहासातील एक नाव वाटते. आपल्याला ते आपल्याच नदीच्या खालच्या अंगाचे एक गाव असते.

कादंबरीच्या चौकटीत न बसणारे, तरीही या यादीतून वगळता न येणारे एक नाव जबलपूरचेच आहे. अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांनी शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे कलेचे शिक्षण घेतले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी टप्प्याटप्प्याने नर्मदेकाठी चालण्यास प्रारंभ केला. 'सौंदर्य की नदी नर्मदा' आणि त्यानंतरची त्यांची पुस्तके हिंदीत व गुजरातीत आहेत. २००४ साली त्यांना गुजरातीसाठी साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. गोनीदांची कादंबरी आणि वेगडजींचे प्रवासवर्णन एकापाठोपाठ वाचावे. एकाच नदीकडे एक साधकाच्या डोळ्यांनी पाहतो आणि दुसरा चित्रकाराच्या.

आणि समुद्राचे म्हणाल, तर तोही येथून अगदीच तुटलेला नाही. ग्वारीघाटाखालून वाहणारे पाणी वाटेतील धरणांमध्ये अडत, थांबत, अखेर भडोचच्या पुढे खंबातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रातच पोहोचते. परिक्रमावासीही तेथे नावेने समुद्रावरून जाऊन दुसऱ्या तीराला लागतात. त्याच समुद्राच्या काठाने दक्षिणेकडे निघाले, की आपण कोकणात उतरतो.

कोकणकाठची माणसे

२६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनाही कोकण जवळ आले. दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ले येथे सुट्टी घालवू इच्छिणाऱ्यांनी त्या भूमीच्या कादंबऱ्या बरोबर न्याव्यात.

श्री. ना. पेंडसे यांचा जन्म दापोली तालुक्यातील मुर्डी या गावचा. 'गारंबीचा बापू' (१९५२) हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय नायक. दारिद्र्यात आणि अवहेलनेत वाढलेला, कोणापुढेही न वाकणारा, गावाच्या नाकावर टिच्चून राधेबरोबर संसार मांडणारा बापू एकदा भेटला की विसरत नाही. सुपारीची बागाईत, खोतांचा दरारा, गावकीचे राजकारण हे सारे त्यात इतके स्पष्ट उमटले आहे की, दापोलीच्या परिसरातील एखाद्या गल्लीतून जाताना बापू समोरून येईल असे वाटत राहते. त्यांच्याच 'रथचक्र' (१९६२) या कादंबरीला १९६३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. पती घर सोडून गेलेली एक स्त्री मुलांच्या शिक्षणासाठी साऱ्या जगाशी झुंज देते, अशी ती कथा आहे. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर सही करणाऱ्या मातांना पाहण्याची सवय असलेल्या बँक कर्मचाऱ्यांना तिच्यातील पुष्कळसे ओळखीचे वाटेल.

ज्यांच्याजवळ महिनाभराची सवड आहे, त्यांनी पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) हाती घ्यावी. दोन जाडजूड खंडांत, जगबुडी नदीच्या काठी, खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास उलगडत जातो. घरातील तरुण मंडळी २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची आठवण काढतील. त्या चित्रपटाची कथा निराळी आहे, हे त्यांना सांगावे आणि पहिला खंड त्यांच्यासमोर ठेवावा.

गोनीदांच्या 'शितू' (१९५३) आणि 'पडघवली' (१९५५) या दोन्ही कादंबऱ्या कोकणातल्याच. बालवयातच वैधव्याचा शिक्का बसलेली शितू आणि तिला माणूस म्हणून पाहणारा विसू यांची कथा कोवळी आहे, परंतु भाबडी नाही. 'पडघवली'त एक स्त्री स्वतःच्या तोंडाने उजाड होत चाललेल्या गावाची कहाणी सांगते. माणसे मुंबईला निघून जातात, घरे पडतात, बागा वाळतात. पोटासाठी गाव सोडलेल्या कोणत्याही कुटुंबाने ती वाचावी. आपण मागे काय ठेवून आलो, याचा हिशेब तीत आहे.

दक्षिणेकडे वेंगुर्ल्याच्या बाजूस गेलात, तर चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'कोंडुरा' (१९६६) बरोबर असू द्या. 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहिणाऱ्या खानोलकरांच्या गद्यातही एक गूढ अंधार आहे. कोंडुरा हे वेंगुर्ल्याजवळील समुद्रकाठचे प्रत्यक्ष स्थान. त्याच्याशी जोडलेल्या श्रद्धेने एका माणसाचे आयुष्य कसे ग्रासले जाते, हे या कादंबरीत पाहावयास मिळते. श्याम बेनेगल यांनी तिच्यावर १९७८ साली चित्रपट केला. ही कादंबरी मात्र भर दुपारी, चार माणसांत बसून वाचावी. रात्री लाटांच्या आवाजात वाचण्याचे धाडस प्रत्येकाने आपल्या जबाबदारीवर करावे!

आणि हसावयाचे असेल, तर त्याच परिसरातील जयवंत दळवी यांचे 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) आहेच. तिरकस बोलणारी, विक्षिप्त, बेरकी आणि तरीही जीव लावणारी माणसे त्यात एकामागून एक येतात. कोणतेही पान उघडून वाचावे, अर्ध्यावर ठेवून पोहावयास जावे, परत येऊन पुढे सुरू करावे. समुद्रकाठच्या हलक्याफुलक्या वाचनाची अट पाळणारे आणि तरीही मनात घर करून राहणारे असे दुसरे मराठी पुस्तक चटकन आठवत नाही.

अथांग पाण्यावर

आतापर्यंतच्या कादंबऱ्या काठावरच्या होत्या. प्रत्यक्ष पाण्यावर नेणाऱ्या दोन पुस्तकांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागेल.

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्या जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे ऐतिहासिक अधिवेशन भरले होते आणि सप्टेंबरात युरोपात महायुद्ध पेटले. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या एका जहाजावर चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही नाझी राजवटीतून निसटलेली ज्यू तरुणी यांची गाठ पडते. चक्रधरला मुंबईत उतरावयाचे आहे, तिच्या जहाजाला पुढे पूर्वेकडे जावयाचे आहे. प्रेमाला मिळालेली मुदत समुद्रप्रवासाच्या दिवसांइतकी. कादंबरी आटोपशीर आहे, एका बैठकीत संपते. परंतु मनातून जावयास फार दिवस लागतात. जगात आजही माणसे जहाजांतून आणि होड्यांतून देश सोडून पळत आहेत. त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही ती जुनी वाटत नाही.

दुसरे पुस्तक 'एक कोळियाने'. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या १९५२ साली आलेल्या 'दि ओल्ड मॅन अँड दि सी' या छोटेखानी कादंबरीचा हा पु. ल. देशपांडे यांनी केलेला अनुवाद. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न गवसलेला क्यूबातील म्हातारा कोळी एकट्याने खोल समुद्रात जातो आणि एका प्रचंड माशाशी झुंजतो. विनोदासाठी ख्यातनाम असलेल्या पुलंनी येथे आपली सारी भाषा संयमाने वापरली आहे.

प्रत्यक्ष समुद्रकाठच्या सुट्टीवर गेलेल्या जोडप्याची कथा हवी असेल, तर मिलिंद बोकील यांची 'समुद्र' ही लघुकादंबरी आहे. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेले पती-पत्नी काही दिवसांसाठी समुद्रकाठी जातात आणि निवांतपणात अशा गोष्टी बोलल्या जातात, ज्या घरच्या धावपळीत बोलता आल्या नव्हत्या. मोठ्यांनी, आणि शक्य झाल्यास दोघांनी, वाचावी अशी ही कादंबरी.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'शितू' आणि 'पडघवली' लिहिणारे गोनीदा जन्मले विदर्भातील परतवाड्यास, आणि 'रणांगण' लिहिणारे बेडेकर अमरावतीस. दोन्ही गावे एकाच, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या जिल्ह्यातली. आणि त्या काळी जबलपूर व अमरावती यांचा कारभारही 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या एकाच शासनाखाली चालत असे. समुद्र कोणाला जन्माने मिळतो, कोणाला ध्यासाने. आपण दूर आहोत म्हणून तो आपला नाही, असे मानण्याचे कारण नाही.

कपाटाला वारस कोण?

महाराजपूर-अधारताल भागातील एक ज्येष्ठ ग्राहक काही वर्षांपूर्वी मुदत ठेवीवर नामनिर्देशन नोंदविण्यासाठी आले होते. अर्ज भरून झाल्यावर ते हसत म्हणाले, "साहेब, ठेवीला नाव लावलं, लॉकरला लावलं. घरात मराठी कादंबऱ्यांचं एक कपाट आहे, त्याला कोणाचं नाव लावू? मुलगा बंगळुरूला. नातू मराठी बोलतो, पण पुस्तक उघडलं की अडखळतो."

या प्रश्नाला बँकेच्या कोणत्याही नमुन्यात उत्तर नव्हते. परंतु तो केवळ त्यांचा प्रश्न नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाच्या काळापासून, आणि पुढे शासकीय सेवा, रेल्वे, कारखाने यांच्या निमित्ताने, मराठी कुटुंबे जबलपुरात स्थिरावली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि मराठीचा रोजच्या व्यवहाराशी असलेला संबंध क्षीण होत गेला. घरात मराठी बोलली जाते, शाळेत हिंदी-इंग्रजी शिकविली जाते. बोलण्याची भाषा टिकते. वाचण्याची भाषा मात्र एका पिढीत हातची जाऊ शकते. नामनिर्देशित व्यक्तीला ठेवीची रक्कम मिळते. वाचनाची सवय अशी परस्पर वर्ग करता येत नाही, ती हयातीतच हाती द्यावी लागते.

सुदैवाने आपली अडचण वाटते तेवढी मोठी नाही. हिंदी शिकलेल्या मुलाला देवनागरी लिपी येतच असते. 'ळ'चा उच्चार, 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार, काही शब्द आणि काही विभक्ती-प्रत्यय, एवढेच अंतर उरते. ते कापण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे मोठ्याने वाचणे. गोनीदांच्या कादंबऱ्यांची जाहीर अभिवाचने त्यांच्या कन्या वीणा देव आणि कुटुंबीयांनी अनेक वर्षे केली, आणि केवळ आवाजाच्या बळावर सभागृहे त्यात रंगून गेली. जे सभागृहात घडते, ते गच्चीवरही घडू शकते.

त्या ज्येष्ठ ग्राहकांनी त्या उन्हाळ्यात तेच केले. नातू सुट्टीत आला असताना रोज रात्री गच्चीवर पाणी मारून, सतरंजी टाकून त्यांनी 'एक कोळियाने' वाचावयास घेतले. पहिले दोन दिवस मुलगा चुळबुळत होता. तिसऱ्या दिवसापासून जेवणाच्या ताटावरच "आजोबा, आज मासा सुटणार का?" असे विचारू लागला. पुढे आजोबांचे डोळे थकत, तेव्हा उरलेले पान तो अडखळत वाची. शेवटची काही पाने मात्र त्याने कोणाची वाट न पाहता दुपारीच संपविली. पुढच्या खेपेस शाखेत आले तेव्हा आजोबांनी आपण होऊन सांगितले, "कपाटाची किल्ली कुठे असते, हे त्याला दाखवून ठेवलं आहे." नातू पुढे किती वाचेल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. परंतु खाते उघडले गेले आहे.

आवर्ती ठेवीसारखे वाचन

वाचनासाठी वेळ नाही, ही तक्रार नेहमीची आहे. आवर्ती ठेवीचा अनुभव असलेल्या आपल्या ग्राहकांना याचे उत्तर वेगळे सांगावयास नको. मोठ्याने वाचले, तर अर्ध्या तासात साधारण दहा-बारा पाने होतात. रोज दहा पाने धरली, तरी पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीत साडेचारशे पाने वाचून होतात. म्हणजे एक मध्यम आकाराची कादंबरी आणि शिवाय एखादी छोटी. हप्ता लहान असावा, पण चुकू नये, हा नियम येथेही लागू पडतो.

सामान बांधताना एवढे लक्षात ठेवावे. चार-पाच दिवसांच्या प्रवासासाठी एक लहान कादंबरी पुरे. 'रणांगण', 'समुद्र' किंवा 'एक कोळियाने' यांपैकी कोणतीही. आठ-पंधरा दिवसांसाठी 'गारंबीचा बापू' वा 'कुणा एकाची भ्रमणगाथा'. घरीच राहणार असाल, तर 'राऊ' किंवा 'तुंबाडचे खोत'. वाळू आणि खारे वारे पुस्तकाच्या बांधणीला मानवत नाहीत; तेव्हा जुनी, जपून ठेवलेली प्रत घरी ठेवून नवी आवृत्ती बरोबर न्यावी आणि ती कापडी पिशवीत ठेवावी. भर उन्हात पांढऱ्या कागदावर वाचल्याने डोळे दुखतात, सावली शोधावी. मोबाइलच्या पडद्यावर वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी तसे वाचण्यास हरकत नाही. मात्र मुलांसाठी वाचताना शक्यतो छापील पुस्तक घ्यावे, कारण तोच पडदा त्यांना दहा दुसरीकडे बोलावीत असतो. आणि नर्मदेच्या काठी असो वा समुद्राच्या, पुस्तकात रमून पाण्याच्या फार जवळ बसू नये. धरणाचे पाणी सोडले की नदी चढते आणि भरतीची वेळ झाली की समुद्र; कोणीही वाचकाचे प्रकरण संपण्याची वाट पाहत नाही.

पुस्तक विकत घेणे शक्य नसेल, तर ग्रंथालयातून आणावे, शेजाऱ्याकडून मागून घ्यावे आणि, हे विशेष महत्त्वाचे, वेळेवर परत करावे. उसने पुस्तक हेही एक कर्जच असते, आणि त्याची परतफेड नियमित असली तरच पुढचे मिळते.

यंदाच्या सुट्टीत आपण कोठेही असा, गुहागरच्या वाळूत, ग्वारीघाटाच्या पायरीवर किंवा महाराजपूरच्या गच्चीवर. घरातील सर्वांत लहान श्रोत्याला जवळ बसवा आणि पहिल्या पानापासून सुरुवात करा. सर्व ग्राहकांना आणि सहकाऱ्यांना उन्हाळी सुट्टीच्या व सुखद वाचनाच्या हार्दिक शुभेच्छा!